पाचव्या घासाची उचकी

यंदा पुन्हा अधिक महिना आला आहे. अधिक ज्येष्ठ. आमच्या स्वयंपाकघरात पुण्याहून आणलेलं मराठी कॅलेंडर असतं. त्यावर आजच्या तारखेभोवती मेधाने, म्हणजे माझ्या बायकोने, जाण्याआधी लाल पेनाने गोल काढून ठेवला आहे. गोलात काही लिहिलेलं नाही, लिहायची गरजही नव्हती. आज सांगलीत माझ्या सासूबाईंचं ऑपरेशन आहे. मेधा चार दिवसांपूर्वीच तिकडे गेली. लेकीच्या शाळेला जूनची सुट्टी लागायला अजून आठवडा आहे, म्हणून ईरा आणि मी इथे सिंगापुरात, क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये. ईरा शाळेत गेली आहे. मी बँकेतून रजा घेतली आहे आणि सकाळपासून फोन समोर ठेवून बसलो आहे. तिकडे नऊला आत नेणार, म्हणजे इथले साडेअकरा.

पित्ताशयातले खडे काढायचे आहेत. डॉक्टरांना हे रोजचंच, सासूबाईंना नाही. पस्तीसेक वर्षांपूर्वी माझे सासरे, ज्यांना मी फक्त फोटोत पाहिलं आहे, पोटाच्या ऑपरेशनला गेले ते घरी परत आले नाहीत. छातीपासून बेंबीच्या खालपर्यंत चीर दिली होती. ती चिघळली आणि चौथ्या दिवशी ते गेले. ड्रेसिंग बदलताना सासूबाई शेजारी उभ्या असायच्या. तेव्हापासून पोट उघडून घ्यायचं नाही हे त्यांचं ठरलेलं. खड्यांची कळ आली की त्या भिंतीला पाठ टेकून डोळे मिटून बसायच्या, आणि कुणी विचारलं तर "गॅस झालाय" म्हणायच्या. डॉक्टरांनी कितीदा बजावलं, मेधाने फोनवर कितीदा रडून घेतलं. सात वर्षं त्या नाहीच म्हणत आल्या. आज त्या आपण होऊन आत जाणार आहेत, आणि त्यामागे तीन वर्षांपूर्वीचा एक अधिक महिना आहे. फोन वाजेपर्यंत मला दुसरं काम नाही. तोच आठवत बसलो आहे.

'अधिक मास' हा शब्द लहानपणी मी 'अधिक मांस' असाच ऐकायचो. घरातले मोठे त्यावर पोट धरून हसायचे आणि माझा गाल ओढायचे, कारण मी होतोच तसा. पुढे अर्थ कळला, चंद्राचा आणि सूर्याचा हिशेब जुळवायला दर तीनेक वर्षांनी एक महिना जादा घालतात हेही कळलं, पण तो शब्द मला उगाच चिकटून राहिला. तीन वर्षांपूर्वी अधिक आषाढ लागला तेव्हा माझ्या अंगावरचं ते अधिक नुकतंच उतरायला लागलं होतं.

त्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला माझं पोट लहान करण्याचं ऑपरेशन झालं. वजन एकशे अठ्ठावीस होतं. साखर औषधांना जुमानत नव्हती, मशीनचा मुखवटा नाकावर चढवल्याशिवाय झोप नव्हती, एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, माझ्या शेजारची सीट रिकामी असूनही लोक उभे राहायचे. बुटाची नाडी ईरा बांधायची. अकरा वर्षांची ती पोर "बाबा, स्टे स्टिल, कॅन?" म्हणत गुडघ्यावर बसायची आणि मी छताकडे बघत राहायचो. सर्जननी कागदावर माझं पोट काढून दाखवलं, कैरीसारखं, आणि त्यातला बराचसा भाग पेनाने खोडून केळ्याएवढी एक नळी शिल्लक ठेवली. "धिस मच यू कीप," ते म्हणाले. चव्वेचाळीस वर्षं ज्याच्या तालावर मी नाचलो त्याचा मोठा वाटा एका सकाळी कुणीतरी काढून घेतला आणि तिसऱ्या दिवशी मी माझ्या पायांनी लिफ्टमध्ये शिरून घरी आलो. आजही हे सांगताना मला ते दुसऱ्या कुणाचं वाटतं.

पहिले काही दिवस फक्त पाणी आणि पातळ सूप, तेही औषधाच्या इवल्याशा कपातून, पाव तासाला एक कप. एकदम गिळायचं नाही, घोटाघोटाने. मला माझी मुंज आठवली. पळीभर पाणी तळहातावर घेऊन आचमन करायचं, आवाज न करता, असं गुरुजी शिकवायचे आणि मी ते सुर्रकन ओढून वर आणखी मागायचो. इतक्या वर्षांनी मला आचमन जमलं. हॉस्पिटलच्या खिडकीपाशी बसून घेतलेला तो पहिला घोट जिभेवरून घशात, घशातून छातीत, छातीतून खाली, असा जागोजाग कळत गेला. साध्या पाण्याला चव असते आणि ते आत पोचतं तेव्हा माणसाला कळू शकतं, ही गोष्ट मला कुणी सांगितलीच नव्हती. मी कप हातात धरून रडलो. नर्सला वाटलं दुखतंय, तिने गोळी आणली.

भूक मात्र गेली होती. कमी झाली असं नव्हे, गेलीच होती. रॅफल्स प्लेसला बारा वाजता सगळ्या इमारती एकदम रिकाम्या होतात आणि सगळं बँकिंग जेवायला निघतं. त्या गर्दीत मी इतकी वर्षं सर्वांच्या पुढे असायचो, आणि दहा वाजल्यापासून आज काय खायचं याची बैठक माझ्या डोक्यात भरलेली असायची. आता त्याच गर्दीतून, तळलेल्या लसणाच्या आणि भाजलेल्या मांसाच्या वासातून मी चाललो होतो आणि आत काहीच हलत नव्हतं. शेजारच्या घरात जन्मापासून चाललेलं भांडण एकदम थांबावं, आणि थांबल्यावरच ते किती मोठ्याने चाललं होतं हे कळावं, तसं झालं. त्या शांततेची मला सुरुवातीला भीती वाटली. मग मी त्या शांततेत फिरायला लागलो. क्वीन्सटाउनच्या जुन्या इमारतींमधून, बांबूच्या काठ्यांवर वाळणाऱ्या कपड्यांखालून, सकाळी अर्धा तास. तिसऱ्या आठवड्यात एकदा लिफ्ट बंद होती म्हणून चार जिने चढून आलो आणि दारात पोचल्यावर लक्षात आलं, की मी मध्ये कुठेच थांबलो नाही. मी परत खाली गेलो आणि पुन्हा चढून आलो, खात्री करायला.

आमची आहारतज्ज्ञ मिस लिम नावाची एक तरतरीत मुलगी होती. मऊ अन्न सुरू करायच्या दिवशी तिने मला समोर बसवून सांगितलं, की नवं पोट भरलं की ते खूण करतं. कुणाचं नाक वाहायला लागतं, कुणाला शिंक येते, कुणाला उचकी. "सिग्नल कम, यू स्टॉप. वन मोअर बाइट आल्सो कॅनॉट," ती म्हणाली. दोन नियम वेगळे. जेवताना पाणी प्यायचं नाही, आणि साखरेपासून लांब राहायचं, नाहीतर घाम फुटेल, छातीत धडधडेल.

माझ्या वाट्याला उचकी आली. मऊ खिचडीचे चार घास सुखाने जायचे आणि पाचव्याला, अगदी पाचव्याला, उचक. पहिल्यांदा झालं तेव्हा मी चमचा खाली ठेवून थक्क होऊन बसलो. आयुष्यात माझं पोट मला कधी 'पुरे' म्हणालं नव्हतं. म्हणालं असेलही, मी ऐकलं नसेल. आता ते कुठल्याही सभ्य माणसासारखं वेळेवर सांगत होतं. क्वीन्सटाउनच्या हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारातल्या, पॉरिजवाल्या आंटीला मी हे कौतुकाने सांगितलं, तशी ती मला लहान मुलाच्या वाडग्यात ते तांदळाच्या पेजेसारखं पॉरिज द्यायला लागली. आंटीला माहीत होतं, ऑफिसात माहीत होतं, खालच्या मजल्यावरच्या आजोबांना माहीत होतं. फक्त सांगलीला माहीत नव्हतं.

सासूबाईंना सांगायचं नाही असं मेधाने आधीच ठरवून टाकलं होतं. "आईला पोटाचं ऑपरेशन म्हटलं की तिचे हातपाय गार पडतील. वर तिच्या खड्यांचं तर मग ती कधीच करून घेणार नाही," ती म्हणाली. मी लगेच हो म्हटलं, कारण माझं एक कारण होतं आणि ते मी मेधालाही सांगितलं नव्हतं. मी कॉलेजात असताना माझी आई गेली. त्यानंतर पानावर बसवून, आग्रह करकरून मला कुणी वाढलं असेल तर ते सासूबाईंनी. लग्नानंतर पहिल्यांदा सांगलीला गेलो तेव्हा सातवी पोळी वाढताना त्या म्हणाल्या होत्या, "लाजू नका सुहासराव, पीठ भिजवलेलं आहे अजून." इतर बायका आपला जावई कलेक्टर आहे म्हणून सांगतात, तसं त्या शेजारणींना सांगायच्या, आमचे जावई खाणारे आहेत. आता खाणारा जावई उरला नव्हता. मग मी त्यांचा कोण, हे मला कळत नव्हतं.

आणि लपवायचं कुणापासून, तर सासूबाईंपासून. सासरे गेल्यावर त्यांनी पंचवीस वर्षं खानावळ चालवली आणि त्यावर मेधाला इंजिनिअर केलं. जेवायला येणारा मुलगा दारात चप्पल काढत असतानाच आज हा किती पोळ्या खाणार हे त्यांना कळायचं. घरून पत्र आलंय, पेपर अवघड गेलाय, कुणी आवडायला लागलंय, सगळं त्यांना घासावरून कळायचं. अधिकात त्या आमच्याकडे राहायला येणार होत्या. अशा बाईसमोर मी महिनाभर जेवणार होतो आणि माझ्या पानातलं तिला कळू नये अशी आमची अपेक्षा होती. आम्ही दोघंही शिकलेली माणसं आहोत.

अधिक महिन्यात जावयाला वाण द्यायचं असतं. तेहतीस अनारसे, कारण अनारशाला जाळी असते आणि वाण जाळीचंच लागतं, आणि या महिन्यात जावई म्हणजे नारायण. त्यासाठी त्या पहिल्यांदा सिंगापूरला आल्या. चांगी विमानतळावर बाहेर येताना ट्रॉली ढकलत माझ्या अगदी समोरून निघून गेल्या. "आई," मी हाक मारली. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं, पायापासून वर, सावकाश.

"सुहासराव? हे कपडे कुणाचे घातलेत?"

"माझेच आहेत, आई. डाएट चालू आहे."

"डाएट," त्या म्हणाल्या. टॅक्सीत त्यांनी दोनदा माझ्या मनगटाकडे बघितलेलं मी बघितलं.

घरी येऊन त्यांनी बॅगेतून अनारशाच्या पिठाचा स्टीलचा डबा काढला. तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, सावलीत वाळवून, दळून, गुळात मळून मुरवलेलं ते पीठ. खसखस तेवढी नव्हती. खसखशीला या देशात बंदी आहे, ती अफूच्या जातीची म्हणून, आणि मेधाने सांगलीला सतरा फोन करून ती आणायची नाही हे बजावलं होतं. "इतकी वर्षं देवाला आणि जावयाला मी अफू खायला घालत होते म्हणायची," सासूबाई म्हणाल्या. मग लिटिल इंडियातून तीळ आणले आणि अनारसे तिळावर थापायचं ठरलं.

पहिल्याच दुपारी जेवायला बसलो. मऊ भात, मुगाचं वरण, वर तूप. ईरा आणि मेधा शेजारी, सासूबाई डाव घेऊन उभ्या. एक, दोन, तीन, चार. पाचव्या घासाला उचक.

"बघा, कुणीतरी आठवण काढतंय," सासूबाई म्हणाल्या आणि पाण्याचा पेला पुढे केला. मी तो हळूच बाजूला सरकवला. मग त्या साखरेचा चमचा घेऊन आल्या. मी तोही नको म्हटलं. मेधा तिच्या पानात बघत होती.

"पाणी नको, साखर नको, मग नावं तरी घ्या. बरोबर नाव आलं की थांबते उचकी. भाऊ असतील तुमचे पुण्याचे."

उचक.

"साहेब असतील ऑफिसातले."

उचक.

"आजी, आज संडे आहे, बॉस इज नॉट थिंकिंग ऑफ हिम, लाह," ईरा म्हणाली. मी तोवर चमचा खाली ठेवून दिला होता, त्यामुळे त्यांनी पुढे घेतलेल्या काकाच्या नावावर उचकी थांबली. काकाला माझी आठवण यायचं काही कारण नव्हतं. सासूबाईंनी माझ्या पानातल्या भाताकडे एकदा बघितलं आणि डाव परत पातेल्यात ठेवला.

असं रोज चाललं. त्यांनी आमच्या सगळ्या नातेवाइकांना एकेक करून आठवण काढायला लावली. कशी ते ठाऊक नाही, पण मला त्या खेळाची गोडी लागली. ज्यांच्याशी वर्षानुवर्षं बोललो नव्हतो त्यांची नावं जेवणात यायची. एका दुपारी उचकी लागली तेव्हा त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या आईंचं नाव काय हो होतं?"

"कुसुम."

"मग कुसुमताईंनी काढली असेल. पोरगं वाळलंय, दिसत असेल त्यांना."

उचकी थांबली. घास मी आधीच खाली ठेवला होता, म्हणून थांबली, हे मला पक्कं ठाऊक होतं. दिवसभर आकडे तपासून पोट भरणारा माणूस मी, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरीही माझे डोळे भरून आले. आईचं नाव माझ्या घरात कुणी उच्चारून किती वर्षं झाली होती ते मला आठवेना. मी हात धुवायला उठलो. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की यांच्यापासून लपवतोय हे चुकतंय.

जूनचे दिवस होते. पहाटे समुद्राकडून एक जोरदार वारा यायचा, पाठोपाठ तासभर पाऊस, आणि मग दिवसभर वाफ. त्या ओल्या हवेने डब्यातलं पीठ सैल पडलं. वाणाच्या दिवशी सकाळी पहिला अनारसा तुपात सोडला आणि तो विरघळून कढईभर पसरला. आपल्याकडे याला अनारसा हसला म्हणतात. दुसरा हसला, तिसराही हसला. सासूबाई हसल्या नाहीत. पदर खोचून त्यांनी पिठात थोडी तांदळाची पिठी मळली, आच उतरवली आणि एकेक अनारसा असा जपून सोडला की घरात कुणी मोठ्याने बोलेना. झाऱ्याने तूप वर उडवत त्या जाळी पडायची वाट बघायच्या, अनारसा उलटत नाहीत म्हणून. मध्येच त्यांनी एकदा ओट्याला धरलं आणि डोळे मिटले. मेधाने विचारलं तर गॅस झालाय म्हणाल्या. दुपारपर्यंत तेहतीस अनारसे झाले, तांबूस आणि जाळीदार.

मला पाटावर बसवलं. पाट नव्हता, तर योगा करायची चटई घडी घालून त्यावर बसवलं. मांडी घालून बसता येतंय याचंच मला इतकं नवल वाटत होतं की बाकीकडे लक्ष नव्हतं. सासूबाईंनी कुंकू लावलं, निरांजन ओवाळलं, अनारशांचं ताट माझ्या हातात दिलं, आणि त्यातला एक उचलून माझ्या तळहातावर ठेवला.

"एक तरी खा. तेवढ्याने डाएट मोडत नाही."

साखर नको, तळलेलं नको, हे मला पाठ होतं. पण त्या पहाटेपासून कढईपुढे उभ्या होत्या. मी एक छोटा तुकडा मोडला आणि चावत राहिलो. आधी तीळ आला, मग तूप, मग गूळ, आणि सगळ्यात शेवटी तीन दिवस भिजलेल्या तांदळाचा तो किंचित आंबूस वास. पूर्वी मी अनारसे एका बैठकीत डझनाने खाल्ले होते आणि अनारसा आंबूस लागतो हे मला ठाऊक नव्हतं. दुसरा तुकडाही तसाच, सावकाश. तिसऱ्याला उचक.

सासूबाईंनी पाणी आणलं नाही, कुणाचं नावही घेतलं नाही. त्या माझ्यासमोर जमिनीवर बसल्या.

"पुरे. ठेवा तो."

त्यांच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. मेधा झारा हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली.

"सुहासराव, आठवण काढणारं माणूस रोज पाचव्या घासालाच कसं काय आठवण काढतं? आज गोड आहे तर तिसऱ्याला काढली." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "पंचवीस वर्षं मी जेवणारी माणसं बघितली आहेत. भूक नसलेला माणूस वेगळा, रुसलेला वेगळा, डाएटवाला वेगळा. डाएटवाल्याची नजर दुसऱ्याच्या पानावर असते. तुमची नाही. काय केलंय पोटाला?"

ईरा पटकन मेधाकडे बघायला लागली. मी मेधाकडे बघितलं नाही. "ऑपरेशन केलं, आई. एप्रिलमध्ये. पोट लहान केलं."

त्या हलल्या नाहीत. निरांजन तेवढं हलत होतं. मग म्हणाल्या, "दाखवा."

जावयाने सासूसमोर सदरा वर करायचा म्हणजे काय, ते आमच्याकडच्या माणसालाच कळेल. मी केला. त्या जवळ सरकल्या. त्यांची नजर माझ्या छातीपाशी सुरू झाली आणि सरळ खाली बेंबीच्या पलीकडे गेली, परत वर आली आणि पुन्हा खाली गेली. त्या चीर शोधत होत्या. माझ्या पोटावर पाच लहान खुणा होत्या, नखाएवढ्या, फिकट जांभळ्या. त्यातली एक तर शोधावी लागत होती.

"हे कसले डाग?"

"तेच, आई. तिथूनच केलं सगळं."

"यातून?"

"हो. बारीक नळ्या घालतात आणि टीव्हीवर बघून करतात. कापावं लागत नाही फारसं."

त्यांनी बोट पुढे केलं आणि एकेका खुणेवर टेकवलं. एक, दोन, तीन, चार, पाच. बोट तुपाचं होतं. मोजून झाल्यावर त्यांनी पुन्हा मोजलं. मी आजवर कुणाच्या चेहऱ्यावर असं नवल पाहिलेलं नाही. हॉस्पिटलच्या खिडकीतलं माझं पाण्याचं नवल त्यापुढे काहीच नव्हतं. मग त्यांनी स्वतःच्या छातीपासून खालपर्यंत हवेत एक रेघ ओढली, "ह्यांना..." एवढंच म्हणाल्या. मेधा झारा टाकून धावत आली. दोघी एकमेकींना धरून रडल्या, अगदी मोकळेपणाने रडल्या, आणि मी सदरा वर धरलेल्या अवस्थेत तसाच बसून होतो. ईराने तो खाली ओढला.

रडून झाल्यावर सासूबाईंनी डोळे पुसले आणि आधी मेधाला झापलं. "मी घाबरेन म्हणून लपवलंत? घाबरलेली तुम्ही होता दोघं." मग माझ्याकडे वळल्या. "भीती वाटली होती का हो तुम्हाला?"

"खूप."

"मग गेलात कसे?"

"ईरा माझ्या बुटाची नाडी बांधायची, आई."

त्या बराच वेळ ईराकडे बघत राहिल्या. उरलेले बत्तीस अनारसे त्यांनी दुसऱ्या दिवशी मजल्यावर वाटायला लावले. पॉरिजवाल्या आंटीला दोन दिले. तिने त्याला बिस्किट म्हटलं, ते त्यांना आवडलं नाही.

उरलेल्या दिवसांत त्या मला एका वाटीत मोजून वाढायच्या. आग्रह करायची हाताची सवय मोठी, डाव पातेल्यातून अर्ध्यावर यायचा, थांबायचा आणि परत जायचा. मला वाटलं होतं, खाणारा नसलेला जावई त्यांना परका होईल. तसं काही झालं नाही. उलट त्या मी जेवत असताना समोर बसायला लागल्या, आणि पाचव्या घासाला उचकी लागली की समाधानाने मान हलवायच्या, खानावळीत एखादा मुलगा पोट भरून नेमक्या वेळी उठला की हलवत असतील तशी.

खड्यांचं मात्र त्या बोलल्या नाहीत. निघायच्या दिवशी मेधाने विषय काढला तर बघू म्हणाल्या. ते 'बघू' तीन वर्षं चाललं. आम्ही मनातून आशा सोडली होती. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. कळ फार मोठी आली होती आणि दोन दिवस उतरली नव्हती, हे त्यांनी कुणालातरी भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. पुढे म्हणाल्या, "अधिक लागतोय. अधिकात लग्नमुंज करत नाहीत, ऑपरेशनला कुठे मुहूर्त लागतो? ठरवा तेव्हाचं. तुमचं यंदाचं वाण तेवढं राहील."

"आई, नक्की ना?"

"नळीनेच करणार ना? मी विचारून घेतलंय डॉक्टरांना. नाहीतर येणार नाही म्हटलं."

साडेअकरा कधीच होऊन गेले. एकच्या सुमाराला मेधाचा मेसेज आला, अजून आत आहे. मी घरातले सगळे पंखे पुसले. दीडला पुन्हा, अजून आत. जिना उतरून खाली गेलो, व्हॉइड डेकमधल्या, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेतल्या, बाकावर बसलो, वर आलो. पाच माणसांची चिंता मी एकट्याने करू शकतो, हे मला माझ्याबद्दल नव्याने कळलं. सव्वादोनला मेसेज आला, बाहेर आणलं, ग्लानीत आहे, डॉक्टर म्हणतात सगळं ठीक. मी तो ईराला पाठवला. तिने वर्गात फोन लपवून तो वाचला असणार, कारण लगेच एक लाल बदाम आला.

पण डॉक्टरांचं ठीक वेगळं आणि आपलं वेगळं. सासऱ्यांच्या वेळीही पहिल्या दिवशी सगळं ठीकच होतं. ईरा शाळेतून आली, दप्तर न काढताच माझ्या शेजारी बसली. "आजी टॉक्ड ऑलरेडी?" तिने विचारलं. मी नाही म्हटलं. आम्ही दोघंही टीव्ही न लावता सोफ्यावर बसून राहिलो. बाहेर पाऊस आला आणि गेला.

सहा वाजता फोन वाजला. व्हिडिओवर आधी हॉस्पिटलचं छत दिसलं, मग मेधाचा कान, मग सासूबाई. केस सुटलेले, ओठ कोरडे, हाताला सुई लावलेली. चेहरा अगदी लहान झालेला. मी आई म्हटलं.

"सुहासराव," त्या म्हणाल्या. आवाज अगदी बारीक होता, फोन कानाशी न्यावा लागला. मग त्यांनी मेधाला काहीतरी सांगितलं आणि मेधाने फोन जरा लांब धरला. सासूबाईंनी सुईचा हात सावकाश वर उचलला, अंगठा आत दुमडला आणि बोटं माझ्यासमोर धरली.

"चारच आहेत. तुमच्यापेक्षा एक कमी."